खटका कुठं बसवायचा

मी सगळी नोकरी डेअरीच्या दुधाच्या टेम्पोवर काढली. गिअर मला कुणी शिकवायची गरज नाही. टेम्पोत गिअरचा दांडा कंपनीनं जिथं दिला तिथं असतो. आपण बसायचं आणि हात टाकायचा. दांडा कुठं पाहिजे, असं ड्रायव्हरला कुणी विचारत नाही. म्हणून शहागंजात सायकलीच्या दुकानात मुश्ताकभाईनं मला तेच विचारलं, तेव्हा मी नुसता उभा राहिलो.

सायकल माझी नाही. सारजाची, माझ्या बायकोची. गेल्या भादव्यात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि परत आणली ती तशीच. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

सायकल मुळात आमच्या सोमनाथनं स्वतःसाठी घेतली होती, पोट कमी करायला. पोट तसंच राहिलं आणि सायकल पडून राहिली. मग सारजानं ती काढली. पंजाबी ड्रेस घालून सकाळी हर्सूलच्या तळ्यापर्यंत जायची आणि यायची. गल्लीतले लोक हसायचे. ती म्हणायची, "हसू द्या. तेवढाच त्यांचा व्यायाम."

सायकलीचं हँडल सरळ होतं, काठीसारखं. त्यावर वाकून तिची मनगटं दुखायची. तिला जुन्या दूधवाल्यांच्या सायकलीसारखं हँडल पाहिजे होतं, दोन्ही बाजूंनी मागं वळून आपल्या हातापाशी येणारं. सोमनाथनं मोबाईलवरून मागवलं आणि एका रविवारी घरीच बसवलं. हँडल बसलं, ब्रेक बसले, पण गिअरचे खटके काही बसेनात. दुकानात त्याला शिफ्टर म्हणतात, आम्ही घरात खटके म्हणायचो. डाव्या हाताचा पुढच्या चक्रांचा, उजव्या हाताचा मागच्या. हँडलाच्या बाकावर ते फिट होत नव्हते, आणि सरळ भागात मुठीनं आणि ब्रेकनं सगळी जागा खाल्ली होती. वायरीही आखूड पडत होत्या. सोमनाथनं दोन्ही खटके सुतळीनं दांडीला बांधून टाकले.

"गिअरचं दसऱ्यानंतर बघू," सारजा म्हणाली.

दसऱ्याला ती नव्हती.

यंदा आखाडात तिच्या भावाची मुलगी प्रेरणा खुलताबादहून इथं शिकायला आली. नर्सिंगला तिचा नंबर लागला. खोली एकीकडं, कॉलेज दुसरीकडं. सोमनाथ म्हणाला, "नाना, आईची सायकल प्रेरणाला देऊन टाकू. वर्षश्राद्धाला तिच्या वस्तू द्यायच्याच आहेत. ही आताच देऊ, पोरीला रोज लागंल."

मी म्हणालो, "देऊ. पण गिअर बसवून देऊ."

"कुठंही बसव म्हणावं मिस्त्रीला."

"कुठंही नाही. तिला पाहिजे होते तिथं."

"आईला कुठं पाहिजे होते, ते आता कसं कळणार?"

मलाही ते माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी सायकलीवरची चादर काढली आणि मला कळलं. म्हणजे तेव्हा तसं वाटलं.

हँडलावर कुंकवाचे दोन ठिपके होते. सुकून तपकिरी झालेले, पण कुंकूच. एक उजव्या मुठीच्या पार टोकाला, आतल्या अंगाला. दुसरा डावीकडं, पण मुठीवर नाही. बाकाच्याही आत, हँडल ज्यावर बसतं त्या मधल्या दांड्याजवळ.

सारजाची एक सवय होती. भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी ती आधी देव्हाऱ्यातल्या कुंकवाचं ओलं बोट भिंतीवर टेकवायची आणि मला म्हणायची, "हितं ठोका." कपाटाला कडी लावायची असो, नळाला तोटी बसवायची असो, तिचं बोट आधी लागायचं. पेन्सिल घरात सापडत नाही, कुंकू सापडतं, असं तिचं म्हणणं. आमच्या घरात खिळ्यांच्या खाली अजून कितीतरी लाल डाग आहेत. कॅलेंडरच्या मागं बघितलं तर दिसतील.

ते ठिपके खंडेनवमीचे असतील, असंही एकदा मनात आलं. पण गेल्या खंडेनवमीला आमच्याकडं दुःख होतं. वर्षभर सण नाही. घरातल्या एकाही वस्तूला कुणी हळदकुंकू लावलं नव्हतं. सोमनाथची मोटारसायकलसुद्धा तशीच राहिली होती. मग हे कुंकू दुसऱ्या कुणाचं असणार? हँडल बसल्यावर आणि ताप यायच्या आधी तिनंच खुणा करून ठेवल्या होत्या. हितं ठोका.

मी डेअरीतल्या जुन्या सोबत्याचा टेम्पो मागून आणला आणि सायकल त्यात घालून शहागंजात नेली.

मुश्ताकभाईचं दुकान लहान आहे. वर टायर टांगलेले, खाली सायकली उलट्या करून ठेवलेल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण चष्म्यावरून बघायची सवय, त्यामुळं मोठा वाटतो. त्यानं सायकल स्टँडवर घेतली, सुतळी सोडली आणि खटके हातात घेऊन बघितले.

"नाना, ये तो सरळ हँडलवाले हैं. बाकदार हँडलपर ये बैठे तो भी वायर उलटी बाजूकू निकलती. बदलना पडेंगा."

त्यानं काउंटरच्या काचेवर तीन प्रकार मांडले. एक मूठ पिळून फिरवायचा. एक खालून दोन बोटांनी दाबायचा. एक जुन्या पद्धतीचा, हँडलावर बसणारा छोटा दांडा, अंगठ्यानं पुढं ढकलायचा आणि मागं ओढायचा.

"कौनसा?"

मी तिन्ही हातात घेतले. पिळायचा पिळून बघितला. दाबायचा दाबून बघितला. टेम्पोत असं नव्हतं. मला काही समजेना. मग मी ठिपक्यांकडं बघितलं. ठिपके रुंद होते, बोटाचे नव्हते. अंगठ्याचे होते. मी म्हणालो, "अंगठ्याचा द्या."

"अच्छा है. बिघडता नहीं. अब बोलो, कहां?"

मी उजवीकडचा ठिपका दाखवला.

मुश्ताकभाईनं चष्मा खाली घेतला. "यहां? मुठीच्या टोकाला? तिथं तर हाताचा तळवा असतो, नाना. अंगठा पुढं असतो. आणि वळवताना गुडघ्याला लागंल ते."

"ती बुटकी आहे. तिचा गुडघा पोचत नाही."

"कौन?"

"आमच्या घरातली."

"मावशीकी सायकल है? तो उनकू लेके आओ ना. हँडल पकडने दो, जहां अंगूठा पडा वहां शिफ्टर. मापच बैठनेवालेका लगता."

"ती नाही येऊ शकत."

"तब्येत?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच माहीत नाही. त्यानं डावी मूठ चाचपली.

"और बायां?"

मी मधला ठिपका दाखवला. त्यानं हँडल धरलं आणि डावा हात मुठीवरून उचलून मधोमध नेऊन दाखवला. "इतना हाथ छोडना पडेंगा. चालू सायकलीत. कोण करतं असं?"

याचा मी रात्री विचार करून ठेवला होता. "हे बघा, तिला मागचे गिअर सारखे लागायचे. म्हणून उजवा खटका एकदम हाताशी. पुढचे ती कधीच बदलायची नाही. म्हणून डावा लांब टाकला, चुकून धक्का लागू नये म्हणून."

मुश्ताकभाईनं माझ्याकडं बघितलं, मग ठिपक्यांकडं. "बात तो बराबर लगती," तो म्हणाला, पण त्याच्या तोंडावर तसं दिसत नव्हतं. "लेकिन ये मुठी काटनी पडेंगी."

"कापा."

त्यानं उजव्या मुठीत ठिपका सोडून टोकापाशी खटक्यापुरती जागा कापली, नव्या लांब वायरी घातल्या आणि दोन्ही खटके खुणांना लागून आवळले. कुंकू पुसू नका म्हणालो, तर पुसलं नाही. मागचं चाक फिरवून त्यानं साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर चढवून दाखवली. टक, टक. छान वाजत होतं. मला लई बरं वाटलं. तिचं एक राहिलेलं काम झालं होतं.

प्रेरणा सायकल न्यायला आली तेव्हा मी तिला सगळं समजावून सांगितलं. ठिपके दाखवले. ती उंच पोरगी आहे, आमच्या सोमनाथच्या खांद्याच्या वर जाते. तिनं मूठ धरली आणि अंगठ्यानं खटका शोधू लागली. अंगठा एकीकडं, खटका दुसरीकडं. शेवटी तिनं हात मागं सरकवून करंगळीच्या बाजूनं तो ढकलला.

"जमतंय का?" मी विचारलं.

"जमंल की मामा. आत्याची खूण आहे ना, मग असू द्या."

ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. वळताना सायकल जरा डगमगली. मग ती दिसेनाशी झाली.

पंधरवड्यानं ती सायकलीवर जेवायला आली तर पायऱ्या चढताना लंगडत होती. सोमनाथनं विचारलं, "कुणाला लाथ मारली गं?"

"बसमधून उतरताना लागलं."

"सायकल असताना बसनं कशाला गेली?"

सून मोनिकानं तिला आत नेलं आणि गुडघा बघितला. बाहेर येऊन ती मला हळूच म्हणाली, "नाना, गुडघा काळानिळा झालाय. एकाच जागी, परत परत लागलंय. ती म्हणते चढावर उभं राहून चालवलं की तो खटका लागतो, आणि वळताना पण लागतो. काल तर पडली. तुम्हाला सांगू नका म्हणाली."

"मला का नको?"

"आत्यानं सांगितलेल्या जागेवरून हलवायचं कसं, म्हणते."

मी बाहेर जाऊन सायकलीपाशी उभा राहिलो. सारजाची खूण चुकीची होती म्हणावं, तर सारजाची खूण आजवर कधी चुकली नव्हती. तिनं दाखवलं तिथं खिळा ठोकला की कॅलेंडर सरळच बसायचं. आणि खूण बरोबर म्हणावी, तर पोरीचा गुडघा फुटला होता. सारजा बुटकी, प्रेरणा उंच, एवढंच असेल. पण मुश्ताकभाई तर म्हणाला होता की तिथं कुणाचाच अंगठा पोचणार नाही. मी मूठ धरून बघितली. माझाही पोचला नाही. मग सारजाचा कसा पोचणार होता? तिचा हात माझ्या हातापेक्षा लहान होता. मी तिच्या हाताएवढा हात करायचा प्रयत्न केला, बोटं आवळून. ते काही जमलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या भागूबाई भिंतीपलीकडून डोकावल्या. आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. सारजा आणि त्या या भिंतीवरून तासन्‌तास बोलायच्या.

"काय करता भाऊ, सायकलीशी कुस्ती खेळता का?"

"बघतोय जरा."

त्यांनी मान पुढं काढली. "अगं बया! अजून गेलं नाय व्हय हे?"

"काय?"

"कुंकू. माझं कुंकू हाय ते."

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. "तुमचं कसं?"

"खंडेनवमीचं. तुमच्याकडं तवा सण नव्हता. मी आमच्या सगळ्या गाड्यांना लावलं, चिरंजीवाची रिक्षा, पाण्याची मोटार, माझी शिलाई मशीन. अन् ही सायकल हितं भिंतीला टेकलेली. म्हटलं, हिनं काय पाप केलंय? सारजाबाई असत्या तर पहिला मान हिचा. म्हणून वरूनच हात घातला आन् लावलं."

"पण असं कसं लावलं? एक टोकाला, एक मधी?"

"अहो, हात किती लांब माझा! अलीकडचं टोक हाताशी आलं. पलीकडं हात पुरंना, पोट भिंतीला लागलं, मग जिथं पोचलं तिथं टेकवलं." त्यांनी भिंतीवरून हात घालून दाखवला. बरोबर दोन्ही ठिपक्यांवर.

"अंगठ्यानं?"

"बोटं हळदीत बरबटलेली. मग अंगठ्यानंच." त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "का हो? चुकलं का माझं? दुःखात लावायला नको होतं का?"

"नाही, नाही. चांगलं केलं."

"मग तोंड का असं केलंय?"

मी त्यांना सांगितलं. खुणा, मुश्ताकभाई, कापलेली मूठ, प्रेरणाचा गुडघा. त्या आधी ऐकत राहिल्या, मग पदर तोंडाला लावला. हसत होत्या का रडत होत्या, ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"म्हंजी माझ्या अंगठ्यानं तुम्ही गिअर बसवले!"

"व्हय."

"अन् मला सायकलसुद्धा येत नाय, भाऊ."

मी आत येऊन बसलो. मला राग यायला पाहिजे होता की काय, माहीत नाही. कुणावर येणार? आतापर्यंत माझ्याजवळ सारजाचं एक सांगणं होतं. आता ते नव्हतं. तिनं खटक्यांबद्दल मला काहीच सांगून ठेवलं नव्हतं. दसऱ्यानंतर बघू, एवढंच. तिलाही तेव्हा माहीत नसेल कुठं पाहिजे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. ते सरळ होतं.

प्रेरणा आतून पाणी घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं, घर केवढंसं. ती माझ्यासमोर बसली, दुखरा पाय लांब करून.

"मामा, असू द्या ना. मी सवय करते."

"कशाची सवय? भागूबाईच्या अंगठ्याची?"

ती हसली आणि मग मीही हसलो. खूप दिवसांनी हसलो, म्हणून खोकला आला.

"चल उद्या माझ्यासोबत शहागंजात," मी म्हणालो.

मुश्ताकभाईनं आम्हाला बघितलं आणि स्टँड पुढं ओढला. "मुझे मालूम था. घुटना?"

प्रेरणानं मान डोलावली.

"मावशी आजपण नाही आल्या?"

मी म्हणालो, "ती वारली, मुश्ताकभाई. वर्ष होईल आता."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "पहिलेच बोलना था ना, नाना. मैं काइकू उनका हाथ ढूंढ रहा था?"

"मीही तेच करत होतो."

दोन्ही खटके ढिले करून त्यानं हँडल मोकळं केलं. कापलेल्या मुठीच्या जागी नवी जोडी घातली. मग ब्रेकचा लिव्हर बोटभर आत सरकवला, जागा व्हावी म्हणून, आणि विचारलं.

"अब बोलो. बैठनेवाला कौन?"

मी प्रेरणाकडं बोट दाखवलं. "ही."

"बैठो बेटा. डोळे मिटा. मूठ धरा, जशी रोज धरता तशी. शिफ्टर ढूंढो मत."

प्रेरणा सीटवर बसली. डोळे मिटले. दोन्ही हात मुठींवर ठेवले. तिचे खांदे खाली आले आणि मनगटं सरळ झाली. उजवा अंगठा मुठीच्या पुढच्या कडेवरून निघून हँडलावर सहज पडला, बाक जिथं सुरू होतो तिथंच. भागूबाईचा ठिपका होता तिथून चांगला वीतभर लांब. मुश्ताकभाईनं तिला हँडल डावीउजवीकडं वळवायला लावलं. गुडघा कुठंच लागला नाही.

"निशान लगाओ, नाना," तो म्हणाला. "मेरे हाथ तेलके हैं."

मी खिशात बघितलं. खडू नव्हता, पेन नव्हतं. सारजा असती तर तिच्याकडं कुंकू निघालं असतं. मी प्रेरणाच्या अंगठ्याच्या पुढं माझं बोट हँडलावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. आयुष्यभर मला अशी जागा दुसऱ्यानं दाखवली होती. मी नुसता हातोडा घेऊन उभा राहायचो.

"हितं," मी म्हणालो.

"पक्का?"

"हितं ठोका."

मुश्ताकभाईनं माझ्या बोटाला लागून क्लॅम्प बसवला आणि आवळला. प्रेरणानं डोळे न उघडता अंगठा हलवला. टक. परत हलवला. टक.

"और बायां?"

डाव्याबद्दल मला खरंच काही सांगता येईना. तिच्या डाव्या अंगठ्यापाशी बोट ठेवावं, तर तिथं घंटी होती, आणि घंटी सारजानं स्वतः बसवलेली होती, ती मला हलवायची नव्हती. मी उगीच बोट पुढं नेलं, मागं आणलं.

"राहू द्या मामा," प्रेरणा डोळे उघडून म्हणाली. "आत्या तरी तो कुठं वापरायची?"

म्हणून डावा खटका आहे तिथंच आवळला, मधल्या दांड्याजवळ, भागूबाईच्या कुंकवाला लागून. परत येताना प्रेरणा सायकलीवर पुढं आणि मी टेम्पोत मागं होतो. हर्सूलच्या चढाला ती पायडलवर उभी राहिली नाही. बसूनच वर गेली.